डोळ्यातली टेप

सायकली बांधणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे मापाड्याच म्हणायचे. पाइपाचा तुकडा समोर धरला की एक डोळा बारीक करून म्हणायचा, "साडेत्रेपन्न." टेप लावून बघावी तर साडेत्रेपन्नच. मापावर सायकल बांधून घ्यायला लोक लांबून येत. कोणाला रोजची ऑफिसची, कोणाला दिवसदिवस चालवायची. पाइप कापणं, कानशीने सांधे घासणं, पितळ वितळवून ते जोडणं, सगळं एकट्याचं काम. एक चौकट उभी करायला दीड महिना लागायचा. घाई करणाऱ्याला तो म्हणायचा, "घाई असेल तर दुकानातली घ्या. तिच्यावर तुम्ही बसाल, माझ्यावाली तुम्हाला बसेल."

त्याच्या मागच्या खोलीत बायकोचं शिवणाचं मशीन. तिच्या गळ्यात दिवसभर टेप लोंबत असायची. एकाच छपराखाली दोन मापं घेणारे, एक लोखंडाची, दुसरी अंगाची. मापाड्या गिऱ्हाइकांपुढे मिजाशीत सांगायचा, "आमच्या डोळ्यातच टेप आहे." मागून आवाज यायचा, "मग एकदा स्वतःच्या पोटावरून फिरवा ती."

अशात एका दुपारी इस्पितळातली एक नर्स आली. ड्युटी संपवून थेट आली होती, पायात जाड तळाचे पांढरे बूट तसेच. पंचेचाळिशीची, अंगाने भरलेली, बोलायला सडेतोड.

"तीनशे किलोमीटर चालवायचीय," ती म्हणाली. "वीस तासांत. सोबत पन्नासेक जण असतात, पण ज्याचं त्याने ओढायचं."

"एकदम तीनशे? कशासाठी?"

"शाळेपासून मी सगळ्यात शेवटी, मिस्त्री. पळण्यात शेवटी, पोहण्यात शेवटी. घरी म्हणायचे, हिचं शरीरच तसं नाही. एकदा काहीतरी पुरं करून बघायचंय."

आता मापावर सायकल बांधायची म्हणजे सगळ्याचं मूळ एका आकड्यात असतं. गिऱ्हाइकाने अनवाणी भिंतीला पाठ लावायची, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांत धरायचं, घोड्यावर बसल्यासारखं घट्ट वर ओढायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. पुरुष गिऱ्हाईक आलं की मापाड्या गुडघ्यावर बसून हसतखेळत हे करायचा. पण बाई गिऱ्हाईक ही पहिलीच. पुस्तक समोर फळीवर होतं. मापाड्याने त्याच्याकडे बघितलं आणि नजर वहीकडे वळवली. परक्या बाईला हे सांगायचं कसं? आणि खाली बसून मोजायचं कसं?

"माप घेणार ना?" तिनेच विचारलं.

"घेतलं की."

"कधी?"

"तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच."

ती हसली, "कमाल आहे!" म्हणाली. मापाड्याला बरं वाटलं. त्याने वहीत शहात्तर लिहिलं. खरं सांगायचं तर तिच्या कमरेखाली त्याने धड बघितलंही नव्हतं. उंचीवरून ठोकताळा बांधला, आणि त्यात बुटाचा तळही मोजला गेला. दहा हातांवर बायको गळ्यात टेप घालून बसली होती. एक हाक मारायचा अवकाश होता. पण हाक मारली असती तर डोळ्यातल्या टेपेचं काय झालं असतं?

चौकट झाली देखणी. निळी, सांधे असे की बोट फिरवलं तरी कुठे अडकू नये. सिस्टर पहिल्यांदा बसली तेव्हा मात्र तिचे अंगठेच जमिनीला टेकले. मापाड्याने सीट खाली घेतली, पार दांड्याला टेकेपर्यंत. मग म्हणाली, हात लांब पडतायत. त्याने सीट पुढे सरकवली, हँडलचा दांडा आखूड लावला. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. या बाबाने पाय न बघताच अंथरूण शिवलं होतं आणि आता चारी बाजूंनी ओढत बसला होता.

"सवय होईल," तो म्हणाला.

सिस्टर कामाला लागली. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघायची, आधी साठ, मग शंभर, मग दीडशे. सोबत उकडलेले बटाटे आणि मीठ-साखरेचं पाणी. परतताना दुकानाशी थांबायची. "गुडघे पुढून ठणकतात. वय झालं असेल." पुढच्या वेळी, "तळव्यांना मुंग्या येतात. मीच अंग टाकत असेन हँडलवर." मापाड्या सीट अर्धा बोट इकडे, अर्धा बोट तिकडे करायचा. गुडघे कशाने ठणकतात हे त्याला न कळायला तो काय दुधखुळा होता? सीट इतकी पुढे घेतल्यावर दुसरं होणार काय? प्रत्येक वेळी ती "बरं वाटतंय आता" म्हणायची आणि त्याला वर तोंड करवत नसे.

तीनशेच्या फेरीला तीन आठवडे उरले असताना ती मागच्या खोलीत गेली. सायकलची चड्डी मांड्यांशी गोळा होत होती, ती आखूड करून हवी होती. बायकोने माप घेतलं, सवयीने पार टाचेपर्यंत. जेवताना ती म्हणाली, "सिस्टरच्या पायाची आतली लांबी किती लिहिलीय हो तुम्ही?"

"आहे तेवढी."

"एकाहत्तर आहे. मी वही बघितली. शहात्तर आहे तिथे."

मापाड्या घास चावत राहिला.

"पाच सेंटिमीटर," बायको म्हणाली. "ब्लाउज असता तर बाई माझ्या तोंडावर फेकून गेली असती."

"सायकलीत तेवढं चालतं."

"चालतं, की तिच्याकडून चालवून घेताय?"

तो उठला, हात धुतला. तीन आठवड्यांत नवी चौकट होत नाही. मग आताच सांगून तिचं मन कशाला मोडायचं? असं त्याने स्वतःला समजावलं. दुसऱ्याच्या मनाचं निमित्त करून आपलं नाक वाचवायचं, ही युक्ती जुनीच आहे.

फेरी झाली. तिसऱ्या दिवशी सिस्टर सायकल हातात धरून आली, चालवत नव्हती. सायकल पुसून लख्ख केलेली. दोनशे दहाव्या किलोमीटरला तिचे गुडघे धरले होते, ब्रेक दाबायला बोटं वळेनात. पेट्रोल पंपावर उतरली आणि एका टेम्पोत सायकल टाकून परत आली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "तुमच्या सायकलची लाज घालवली मी."

मापाड्याच्या हातात पाना होता. तो नुसताच धरून राहिला.

"सगळे विचारत होते, कोणी बांधली म्हणून. मी काय सांगणार? सायकल एक नंबर आहे, वर बसणारीच खोटी निघाली. ही विकून टाका. कोणातरी धड पायांच्या माणसाला द्या."

मागच्या खोलीत मशीन चालू होतं, ते थांबलं.

"सिस्टर," मापाड्या म्हणाला, "ही तुमची सायकलच नाही."

"म्हणजे?"

"मापात जरा... इकडचं तिकडं झालंय."

"किती?"

रोज औषधं मोजून देणारी बाई ती. 'जरा' तिच्यापुढे टिकणार नव्हतं.

"पाच सेंटिमीटर."

मग तिने तोच प्रश्न विचारला ज्याची त्याला भीती होती. "तुम्हाला कधी कळलं?"

'आत्ताच' म्हणायला जीभ वळली होती. मागचं मशीन अजून बंदच होतं.

"पक्कं कळलं फेरीच्या तीन आठवडे आधी. मनातून पहिल्याच दिवशी."

सिस्टरने सायकल भिंतीला टेकवली. "एकशे ऐंशीला मी माझ्या गुडघ्यांना शिव्या घालत होते, मिस्त्री. आईने मला असं का जन्माला घातलं, इथपर्यंत गेले. आणि तुम्ही मापच घेतलं नव्हतं? का?"

"लाज वाटली. पुस्तक पायात धरा म्हणायची."

"अहो, मी रोज वीस माणसांची ढुंगणं पुसते! मला कसली लाज?"

"तुम्हाला नाही. मला."

"तुमची होती ना? मग ती माझ्या गुडघ्यांवर का लादलीत?"

मापाड्याची मान खाली गेली ती तिच्या बुटांवर येऊन थांबली, आणि तो जाड तळ त्याला पहिल्यांदा नीट दिसला.

सिस्टर वाकली, बूट काढले, मोजे काढले. फळीवरचं पुस्तक स्वतःच घेतलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "घ्या. तुम्हीच घ्या."

त्याला टेप सापडेना. बायको आतून आली, गळ्यातली टेप काढून त्याच्या हातात दिली आणि तिथेच उभी राहिली. मापाड्या गुडघ्यावर बसला. कान असे तापले होते की त्यावर पितळ वितळलं असतं. त्याने टेप लावली आणि पुटपुटला.

"मोठ्यांदा," सिस्टर म्हणाली.

"एकाहत्तर."

"लिहा."

जाताना तिने निळ्या चौकटीकडे बोट केलं. "ही मोडायची नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी टांगा."

त्याने टांगली. नवी चौकट बांधली, प्रत्येक पाइप दोनदा मोजून. न्यायला आली तेव्हा सिस्टर तिच्यावर बसली, दोन्ही पाय नीट टेकवले, आणि नुसतं "बघू" म्हणाली. परतताना दुकानाशी थांबणं बंद झालं. रस्त्यावरून जाताना घंटीही वाजवायची नाही. मापाड्या दारात उभा असला तर तोच आत सरायचा.

चार महिन्यांनी पुन्हा फेरी होती. निकाल त्याला कोणी सांगितला नाही. मग एक दिवस मागच्या दाराने सिस्टर आली, चड्डीची शिवण उसवली म्हणून. आतलं बोलणं पुढे ऐकू येत होतं.

"एकोणीस तास दहा मिनिटं," ती सांगत होती. "पन्नासात शेचाळिसावी. पण टेम्पोत नाही, सीटवर बसून आले." दोघी खदखदून हसल्या. आत जाऊन काही बोलावं असं मापाड्याला वाटलं. पण ते हसणं त्याच्यासाठी नव्हतं, म्हणून तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात पुढून नवं गिऱ्हाईक आलं, एक उंच गडी. त्याची नजर थेट निळ्या चौकटीवर. "अरे वा! ही कोणाची? कशाला टांगलीय?"

'नमुन्याची आहे' हे मापाड्याच्या ओठांवर आलं होतं. आजवर सगळ्यांना तेच सांगितलं होतं त्याने. आतलं बोलणं थांबलं.

"चुकलेली आहे," तो म्हणाला. "एका बाईचं माप घ्यायला मी लाजलो, आणि डोळ्यांनी घेतलं म्हणून थाप मारली. तिचे गुडघे गेले असते."

गड्याने एकदा चौकटीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "माझं मग टेपेनेच घ्या हं, मिस्त्री."

"बूट काढा," मापाड्या म्हणाला.