उतरत्या छपराची पेटी

जळक्या कापडाचा वास आला की चाकणच्या आमच्या शेडमधली क्रेनची पेटी आठवते. क्रेन जड माल खाली सोडते तेव्हा मोटरच उलट वीज तयार करते, आणि ती जिरवणारा रेझिस्टर त्या पेटीत भट्टीसारखा तापायचा. पेटीच्या जाळीवर सगळे जेवणाचे डबे गरम करायचे. ‘इथे डबे ठेवू नयेत’ ही पाटी इंजिनीअर म्हणून मीच लावली होती, आणि माझाही डबा तिथंच असायचा. एका दुपारी क्रेन सलग चालली आणि एका डब्याची पिशवी धुमसली. ती विझवून मी सगळ्यांवर ओरडत सुटलो. लातूरकडचे आमचे वयस्कर इलेक्ट्रिशियन मात्र मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावून आले आणि म्हणाले, “सायेब, पाटी वाचून पोट भरतंय व्हय? डबा ठिवायला जागाच ठिवायची न्हाई.” दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीवर वीतभर अंतर सोडून जाळीचं उतरतं छप्पर बसवलं, पेटी फार तापली तर वीज तोडणारा स्विचही जोडला. मग चाचणीसाठी डबा मागितला, तोही माझाच. तो छपरावरून घसरला आणि त्यांनी तो अलगद झेलून माझ्या हातात दिला. आता माझ्यापुढं कुठलंही ड्रॉइंग आलं, की भुकेला माणूस त्यावर डबा कुठं ठेवेल, हे मी आधी बघतो.