दुसरी जागाच नव्हती

उलव्यात आमचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. बोअरवेल मारली तेव्हा पाणी भरपूर लागलं, पण खारट. भरावाची जमीन, खाली खाडीच. त्या पाण्यानं काळी गाडी धुतली की वाळल्यावर पांढरे ठिपके उठायचे आणि गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं, की मीच जाऊन थुंकले आहे. म्हणून शेवटचा हात मारायला शुद्ध पाण्याचा प्लांट बसवला, तासाला अडीचशे लिटरचा. शुद्ध झालेलं पाणी टाकीत जायचं. उरलेलं, आधीपेक्षाही खारट झालेलं पाणी एका पाइपातून शेडच्या मागे गटारात जायचं.

त्या पाइपाच्या तोंडाशी माझी सासू बसायची.

सासू जासईची, सगळा जन्म मिठागरात गेलेला. मिठागरं गेली, त्यांच्या जागी कंटेनर उभे राहिले, आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, तिथल्याच एका यार्डात नोकरीला लागला. तिला घरी एकटी ठेवली तर आळीभर माझी गाऱ्हाणी सांगत फिरायची, म्हणून मी तिला रोज सेंटरवर घेऊन यायचे. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. मी फक्त पहारा देत होते.

तिनं शेडमागे मातीचा वाफा केला. चार हात लांब, तीन हात रुंद. पायानं माती चोपून चोपून जमीन सारवल्यासारखी गुळगुळीत केली आणि पाइपाचं खारं पाणी त्यात वळवलं. उन्हानं आटलं की पुन्हा सोडायची. महिन्याभरानं वाफ्याच्या कडेला मीठ धरलं. प्लांटचा मेकॅनिक आला होता, तो म्हणाला, "आजी, यात मशीनचं केमिकल असतं. खाऊ नका."

"खायला नाय रे," ती म्हणाली. "बगायला."

ती उकिडवी बसून लाकडी फळीनं ते मीठ हळूहळू ओढायची आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा. मला तो चेहरा बघवत नसे. खोटं कशाला बोलू?

माझं माहेर कृष्णाकाठचं. लग्न होऊन जासईला आले तेव्हा आईनं अंगणातल्या मोगऱ्याचं रोप तेलाच्या डब्यात लावून दिलं होतं. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. मी माझ्या वाटचं प्यायचं पाणी वाचवून त्याला घालायचे. सासू चारचौघींत मला "गोड्या पान्याची" म्हणायची आणि बायका खिदळायच्या. मग माझी आई गेली. तिचे दिवस करून मी तेराव्यानंतर परत आले, तर मोगरा वाळून काडी झालेला. डब्यातल्या मातीवर पांढरी खपली. सासूनं रोज विहिरीचं खारं पाणी घातलं होतं.

"दुसरा पानीच नव्हता," ती म्हणाली. तिच्या मागे मोरीच्या दारात नळाच्या पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं मला दिसत होतं. मी मिठाची गुळणी धरली, ती वीस वर्षं धरलीच.

विमानतळ झाला आणि एका एजन्सीनं आपल्या सगळ्या टॅक्स्या सकाळी सकाळी आमच्याकडे धुवायला पाठवायचं ठरवलं. अडीचशे लिटर कुठे पुरणार! तासाला हजार लिटरचा प्लांट घ्यायचं ठरलं. मेकॅनिक टेप घेऊन आला आणि त्यानं दोन जागा दाखवल्या. एक पुढे गेटजवळ, एक शेडच्या मागे.

"पुढेच घ्या मॅडम. पाइप कमी लागेल, सर्व्हिसिंगला पण टेन्शन नाय."

"मागे," मी म्हटलं.

"मागे आजींचं ते..."

"मागेच."

संध्याकाळी मी सासूला सांगितलं, "आई, वाफा काढावा लागेल. दुसरी जागाच नाही."

ती म्हणाली, "दोन दिस थांब गो. मीठ धरलाय, तेवरा काडून घेतंय." मी त्या घरात आल्यापासून तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी म्हटलं, गवंडी उद्याच येणार आहेत.

गवंडी येण्याआधी शुद्ध पाण्याची नळी मी स्वतः मागे ओढत नेली. एवढ्या उन्हात धरलेलं मीठ, पण वाफा धुऊन जायला एक सिगारेट ओढण्याइतका वेळही लागला नाही. ती फळी हातात धरून उभी होती. मी नळी मुद्दाम सावकाश फिरवली. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

त्यानंतर ती शेडमागे फिरकली नाही. पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत हात मांडीवर टाकून बसायची. जेवण अर्ध्यावर आलं. नवरा म्हणाला, वय झालं. मी हो म्हटलं.

सहा महिन्यांनी मेकॅनिक फिल्टर बदलायला आला. शेड आणि भिंतीच्या फटीतून अंग खरवडून घेत बाहेर आला आणि घाम पुसत सासूसमोरच बडबडला, "मॅडमना तवाच बोललो होतो, पुढे गेटजवळ मस्त जागा हाय. पण मॅडमचा हट्ट, मागेच पायजे."

मला वाटलं, आता ही बोंब ठोकणार, आळी गोळा करणार, मुलाला रडून सांगणार. मी तिच्याकडे बघितलं. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि बोळक्या तोंडानं हसली.

"त्या टायमाला पिंप भरलेला व्हता," ती म्हणाली. "अख्खा भरलेला."

मेकॅनिकला काही कळलं नाही. तिनं त्याच्याकडे प्लांटचं ग्लासभर पाणी मागितलं, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास माझ्या हातात दिला.

"आता कुटं माजी सून शोभतेस."

लग्न होऊन आले त्या दिवसापासून तिनं मला आपली म्हणावं म्हणून मी झुरत होते. ते तिनं आता म्हटलं, आणि ते खरंच होतं.