सात-वीसचा वेग

आमच्या दोघींच्या हातात असायची ती दोरी म्हणजे बुटाची एक जुनी लेस होती. दोन्ही टोकांना गाठ मारून फास केलेला, एक तिच्या उजव्या हातात, एक माझ्या डाव्या. ती लेस धरून आम्ही कुक्करहळ्ळीच्या तळ्याभोवती आठवड्यातून तीन दिवस पळायचो.

ती बँकेत काम करते. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पिरियापट्टणच्या बाजूच्या एका खेड्यातली. तिला दिसत नाही. लहानपणी थोडं दिसायचं, बाराव्या वर्षी तेही गेलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, आणि चाळिशी ओलांडल्यावर, साखर वाढायला लागली म्हणून पळायला शिकलेली बाई. आमच्या पळणाऱ्यांच्या गटात एकदा कुणीतरी विचारलं, एका अंध मुलीला बरोबर पळायला सोबत हवी आहे, कोण जाईल? मी हात वर केला. आपण काहीतरी चांगलं करतोय, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

काम सोपं नव्हतं, पण लवकर अंगवळणी पडलं. "मूळ आहे, पाय उचल." "आता डावीकडे." "कुत्रं. झोपलंय, काही करणार नाही." ती मला अक्का म्हणायची. आम्ही आपसात कन्नडच बोलतो. इथे मराठीत लिहिते आहे. बोलता बोलता ती मधेच विचारायची, "अक्का, किती?" मग मी मनगटावरच्या घड्याळात बघून सांगायचे. किती किलोमीटर झाले, कितीच्या वेगाने चाललोय, नाडी किती. नाडी अर्थात माझी, पण तिला तीही ऐकायला आवडायची.

घड्याळ मी हौसेनं घेतलेलं होतं. उपग्रहावरून अंतर मोजणारं, काचेवर बोट फिरवलं की सगळं दाखवणारं. तिचा फोन बोलका होता, पण पळताना घामाच्या बोटांना तो दाद देत नसे, म्हणून ती तो माझ्या स्कूटरच्या डिकीत ठेवायची. "तुम्ही आहात ना," म्हणायची.

पहिलं खोटं मी कधी बोलले ते मला पक्कं आठवतं. बँकेत कुणीतरी तिच्यासमोर, तिला ऐकू येईल अशा आवाजात, "हिच्यामुळे रांग थांबते," म्हणालं होतं. दुसऱ्या दिवशी ती पळायला आली ती तोंड मिटूनच. पाय जड पडत होते. चौथ्या किलोमीटरला तिनं विचारलं, "किती?" घड्याळात होतं, किलोमीटरला सात मिनिटं पन्नास सेकंद. मी म्हणाले, "सात-वीस."

तिचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. "आज? आज सात-वीस?" आणि उरलेलं अंतर ती हसत पळाली.

एकदा सात-वीस सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात सात-पन्नास कसं सांगणार? मी सात-पंचवीस सांगितलं. मग पुन्हा सात-वीस. अंतर खरं सांगायचे, वेगाचा आकडा मात्र दर खेपेला वीस-तीस सेकंदांनी कमी करून. एकूण वेळेचा तिला संशय आला तर, पाणी प्यायला थांबलो तो वेळ धरायचा नसतो, असं सांगायचे. हळूहळू मला त्याचं काही वाटेनासं झालं. घड्याळात बघायचं, मनात वजाबाकी करायची, सांगायचं.

मग शर्यती आल्या. गावात दहा किलोमीटरची एक होते, तीत आम्ही धावलो. शर्यतीत छातीवरच्या नंबरात वेळ मोजणारी चिप असते, निकाल थेट फोनवर येतो, तिथे माझी वजाबाकी चालणार नव्हती. तिच्या फोननं तिला वाचून दाखवलं : एक तास एकोणीस मिनिटं. सरावाच्या हिशेबानं तिला एक तास तेरा मिनिटं लागायला हवी होती. पुढच्या शर्यतीतही तेच.

"मी भित्री आहे अक्का," ती म्हणाली. "सरावात जमतं, गर्दी ऐकली की पाय आकसतात. माझं शाळेतही असंच व्हायचं."

आणि मी काय म्हणाले? "होईल हळूहळू. सवय होईल."

ते वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते. त्यानंतरचे दोन महिने ती आपल्या भित्रेपणावर उपाय शोधत होती. श्वासाचे व्यायाम शिकायला गोकुलममधल्या एका योगवर्गाला जाऊ लागली. बाजारात मुद्दाम गर्दीतून चालायची. तिच्यात नव्हताच तो दोष ती घालवत होती, आणि मला माहीत होतं.

एका सकाळी पळून झाल्यावर पाय ताणता ताणता ती म्हणाली, "मला माझं घड्याळ घ्यायचंय. शर्यतीत मी नक्की कुठे ढेपाळते ते कळायला हवं. तिसऱ्याला, सातव्याला, की सुरुवातीपासूनच."

"तुला कशाला घड्याळ?" मी पटकन म्हणाले. "मी आहे ना."

"तुम्ही आहातच. पण शर्यतीत तुम्हालाही रस्ता बघायचा असतो."

मी बरीच कारणं काढली. ही घड्याळं डोळस माणसांसाठीच बनवलेली असतात. चार्जिंगची कटकट. फोनला जोडा, पुन्हा जोडा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शनिवारी रिकाम्या आहात का?"

दुकानातला विक्रेता तरुण होता, बोलायला गोड होता, पण सगळं माझ्याशीच बोलत होता. "मॅडमना दिसत नाही ना? मग त्यांना साधा फिटनेस बँड दाखवू?"

"मला विचारा," ती म्हणाली. "घड्याळ माझ्या हातावर बसणार आहे."

त्यानं काउंटरवर चार घड्याळं मांडली. तिनं एकेक हातात घेतलं. पहिलं माझ्या घड्याळासारखंच होतं, वरून सपाट काच. तिनं अंगठा फिरवला. "ही नुसती फरशी आहे. हिच्यावर मी कुठे आहे ते मला कधीच कळणार नाही." दुसऱ्याला एकच बटण. तिसऱ्याला पाच होती, डावीकडे तीन, उजवीकडे दोन, प्रत्येकाचा उंचवटा वेगळा. ते तिच्या हातात बराच वेळ राहिलं. तिनं विक्रेत्याला प्रश्न विचारले, आणि ते असे होते की चार वर्षं घड्याळ वापरूनही मला सुचले नव्हते. प्रत्येक किलोमीटरला ते थरथरतं का? थरथर किती जोराची, पळताना मनगटाला कळेल इतकी? वेग ठरवल्यापेक्षा कमी झाला तर वेगळं थरथरतं का? फोन कमरेच्या पट्ट्यात असेल तर प्रत्येक किलोमीटरचा आकडा फोन मोठ्यानं बोलेल का? कारण कानात काही घालून ती पळू शकत नव्हती. कान म्हणजेच तिचा रस्ता.

विक्रेत्याला निम्मी उत्तरं माहीत नव्हती. पण त्यानं मोकळेपणानं तसं सांगितलं, आणि स्वतःच्या फोनला ते घड्याळ जोडून तिच्यासमोर करून बघितलं. या खेपेला तो तिच्याशी बोलत होता.

तेवढ्यात तिनं मला विचारलं, "अक्का, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणाले, "हे जुनं मॉडेल दिसतंय. अंतर नीट दाखवेल का, शंका आहे. काचेचंच घे, सवय होईल."

असं मी म्हणाले. जे घड्याळ तिला वापरता येणार नाही ते घे, असं.

तिनं ते पाच बटणांचं मनगटावर चढवलं. "नको," म्हणाली, "हेच."

सोमवारी पहाटे तिनं स्वतः बटण दाबलं. उपग्रह मिळाल्याची थरथर तिला मनगटावर कळली, मग दुसरं बटण, आणि आम्ही निघालो. तळ्याच्या बांधावर पहिला किलोमीटर संपला आणि तिच्या कमरेवरून फोन बोलला : एक किलोमीटर, सात मिनिटं बावन्न सेकंद.

तिनं काही विचारलं नाही. दुसरा : सात मिनिटं अठ्ठेचाळीस. तिसरा : सात पंचावन्न. मी "मूळ", "उजवीकडे", "दगड" एवढंच म्हणत होते. चौथ्यानंतर ती म्हणाली, "अक्का, तुमच्या घड्याळात किती?"

मी बघितलं. सात-एक्कावन्न. मी काच पुसून पुन्हा बघितलं.

"आज खरा सांगा," ती म्हणाली.

मी सांगितला. ती थांबली, लेस हातातून सोडली आणि बांधावर तशीच उभी राहिली. चालायला आलेले लोक आमच्या बाजूनं जात होते.

"किती दिवस?"

"पहिल्या वर्षापासून," मी म्हणाले.

"तुमचं घड्याळ माझ्या घड्याळापेक्षा प्रेमळ होतं म्हणायचं." ती हसली नाही. मग म्हणाली, "मी भित्री आहे असं तुम्ही मला म्हणू दिलंत. दोनदा."

मी माफी मागितली. ती म्हणाली, मला गेटपर्यंत सोडा. मी कोपर पुढे केलं, तिनं धरलं, आणि आम्ही गेटपर्यंत चालत गेलो. तिथून ती रिक्षा करून गेली.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आमची मराठी माणसं कितीतरी पिढ्यांपासून इथली, कापड रंगवणाऱ्यांची. आईच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. ती भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, "अय्यो, तू त्या पोरीला सुळ्ळु सांगत होतीस?" आमच्या घरात खोट्याला सुळ्ळु असंच म्हणतात.

"तिला बरं वाटावं म्हणून, आई."

"तिला की तुला?" आईनं विचारलं, आणि पुन्हा निवडायला लागली.

मी त्या प्रश्नाचा बरेच दिवस विचार केला. तिचा चेहरा उजळायचा तेव्हा मला बरं वाटायचं, हे खरंच. पण त्याच्याही खाली आणखी काही होतं. तो वेग माझ्या हातात होता. ती विचारणार आणि मी देणार. दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं ते रस्ता दाखवायला, आणि मी त्याच हातानं तिला ती किती पळाली हेसुद्धा द्यायला लागले होते. नवं घड्याळ नको म्हणताना पकडलं जाण्याची भीती होती, हे मला लगेच कळलं होतं. आपली गरज कमी होईल, ही भीतीही होती, हे कळायला वेळ लागला.

जवळपास महिनाभर ती आली नाही. गटातल्या एकीनं सांगितलं, ती दुसऱ्या कुणाबरोबर मैदानावर पळते. मी एकटीच तळ्यावर जात होते. घड्याळ हातावर असे, पण त्यात बघावंसं वाटत नसे.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. "उद्या सहाला मोकळ्या आहात?"

"आहे," मी म्हणाले.

"एक अट आहे. तुम्ही घड्याळ घालायचं नाही. रस्ता तुम्ही सांगायचा. वेग मी बघेन."

"चालेल."

"त्या दुसऱ्या बाई चांगल्या आहेत," ती म्हणाली, "पण खड्डा आला की किंचाळतात. तुम्ही वेळेवर सांगता. रस्त्याचं तुम्ही कधी खोटं सांगितलं नाही, हे मी आठवून बघितलं."

अशी आम्ही पुन्हा सुरुवात केली. रिकाम्या मनगटानं पळताना मला आधी फार चुकल्यासारखं वाटलं. नजर सारखी तिकडे जाई. मग नजर रस्त्यावर राहायला लागली, आणि तळ्याकाठच्या ज्या वळणावर मी इतकी वर्षं "उजवीकडे" एवढंच म्हणत होते, तिथे बगळ्यांची वसाहत किती वाढली आहे ते मी तिला सांगू लागले. आता उलट मीच विचारायचे, "किती?" ती कधी सांगायची, कधी म्हणायची, "तुम्हाला कशाला? पळा."

एकदा दाट झाडीतून बाहेर पडल्यावर फोन म्हणाला, आठ मिनिटं पंचवीस. ती चिडली. मी म्हणाले, "अगं, झाडांखाली ही घड्याळं अंतर खातात. आपण इतक्या हळू नव्हतो."

ती पळता पळता म्हणाली, "हे खरं आहे, की प्रेमळ आहे?"

"खरं आहे. घरी कुणाला तरी घड्याळानं काढलेला नकाशा बघायला सांग, आपली रेघ पाण्यावरून गेलेली दिसेल."

घरी जाऊन तिनं तिच्या भाच्याला नकाशा उघडायला लावला. दुपारी मला निरोप आला : "आपण दोनशे मीटर तळ्यातून पोहत गेलो." विश्वास परत आला तो असा, चिमटीचिमटीनं. पूर्ण आला आहे असं मी म्हणणार नाही.

घड्याळानं तिचा वेग वाढवला नाही, निदान लगेच नाही. पण आपण मुळात सात-पन्नासच्या आहोत हे कळल्यावर तिनं सराव बदलला. बटणं दाबून दोन मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश असं तिनं स्वतः त्यात भरलं. मनगट थरथरलं की ती सुटायची आणि मला लेसच्या टोकाला ओढत न्यायची. योगवर्ग तिनं सोडला नाही. आता भीतीसाठी नाही, आवडतो म्हणून जाते, म्हणाली.

यंदाच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा दहा किलोमीटर धावलो. आठव्या किलोमीटरला चढ होता, तिथे ती फार मंदावली. फोननं आकडा सांगितला, मी तोंड उघडलं नाही. फक्त म्हणाले, "चढ अजून शंभर पावलं. मग उतार." शंभराला दोन-चार कमी-जास्त असतील, पण ती मी आधी नजरेनं मोजली होती. शेवटची रेघ ओलांडल्यावर तिनं बटण दाबलं आणि मनगट कानाजवळ नेलं, जणू ते तिथून बोलणार होतं. कमरेवरून फोन बोलला : एक तास सोळा मिनिटं. चिपच्या निकालातही तेवढीच.

मी रडायला लागले. तिला ते आवाजावरून कळलं असणार. रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून तिनं गावाकडे आईला फोन लावला. तंबाखूच्या शेतात असणाऱ्या त्या बाईला किलोमीटर आणि वेग यातलं काय कळत असेल, मला माहीत नाही. पण ती एकेक किलोमीटर सांगत गेली, पहिल्यापासून, प्रत्येकाची मिनिटं आणि सेकंद. आठवाही सांगितला, नऊ मिनिटं दहा. पलीकडून आईनं काहीतरी विचारलं.

"हो अम्मा," ती म्हणाली, "तिथे चढ होता. तिथे मी हळू झाले." आणि नववा सांगायला लागली.