साठी उलटलेली नवी बाई

माझी मावशी कुणावर जळते आहे हे ओळखणं सोपं आहे. ती त्या माणसाचं नावच घेत नाही. नुसतं ‘ती’ म्हणते आणि नाक मुरडते. गेली तीन वर्षं आमच्या घरात ‘ती’ म्हणजे एकच बाई, हे पोरासोरांनाही कळतं.

मावशी दात बनवण्याच्या कारखान्यात काम करते. कारखाना कसला, दोन मोठ्या खोल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, त्यावरून इथे प्लास्टरचे साचे होतात आणि साच्यांवरून कवळ्या आणि कॅप. मावशी तिथे लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. गरम सुरीने मेण कोरून दाढ घडवायची, तिच्यावर खाचा-उंचवटे काढायचे, वरचा आणि खालचा जबडा मिटवून बघायचा, हे तिचं काम. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा बसमध्ये समोरची बाई खळखळून हसली, तर मावशी मला कोपर मारून म्हणाली, “वरचे चार माझे.”

ती पन्नाशी ओलांडून गेल्यावर कारखान्यात स्कॅनर आणि कॉम्प्युटर आला. साचा स्कॅनरमध्ये ठेवला की पडद्यावर दिसायचा. पडद्यावरच दाढ घडवायची आणि मग शेजारचं यंत्र पांढऱ्या ठोकळ्यातून ती कोरून काढायचं. तेव्हा मालकांची मुलगी कारभार बघू लागली होती. तिने सगळ्यांत आधी मावशीलाच विचारलं.

“आता या वयात कुठे मला तो माउस हातात देतेस!” मावशी म्हणाली. सगळे हसले.

खरी गोष्ट तिने मला फार नंतर सांगितली. तिला बसायचं होतं. दोनदा नाही म्हणायचं, आग्रह करून घ्यायचा आणि तिसऱ्यांदा ‘बरं बाई, तुझ्यासाठी’ म्हणत खुर्ची ओढायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. कारण न आलं तर? एवढ्या वर्षांचा नावलौकिक चारचौघांत धुळीला मिळाला तर? वयाचं कारण पुढे केलं की झाकली मूठ तशीच राहते. पण मालकांची मुलगी “बरं ताई” म्हणाली आणि निघून गेली. दुसरा आग्रह झालाच नाही.

वर्षभराने ‘ती’ आली. वय बासष्ट. जन्मभर घरी कपडे शिवले होते. ज्या दुकानाचं काम ती करायची ते बंद पडलं, म्हणून प्लास्टर कालवायला आणि ठसे धुवायला इथे लागली. मावशी तेव्हा चौपन्नची. वयाने मोठी पण हाताखालची, म्हणून मावशीने पहिले दोन महिने तिच्यावर मायाच केली. चहाच्या वेळी स्वतःशेजारी जागा धरून ठेवायची.

एके दिवशी चहाचा कप हातात घेऊन ती बाई कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मालकांच्या मुलीला म्हणाली, “अहो, हे तर बेतण्यासारखंच आहे. मी बसून बघू का?”

बसली. पहिल्या दिवशी पडद्यावरची दाढ भोपळ्याएवढी झाली, मग गायबच झाली. ती स्वतःवरच इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. चुकली की ज्याला त्याला विचारायची, अगदी कुरियरवाल्यालासुद्धा. चार महिन्यांत ती कॅप करू लागली.

“तिला येत नाही याची लाजच वाटत नाही गं तिला,” मावशी मला फोनवर म्हणायची. हे सांगताना तिचा आवाज चिरकायचा. चहाच्या वेळची जागा केव्हाच गेली होती.

मग एक फोन आला. एक म्हातारे डॉक्टर होते, ते पंचवीस वर्षं पुढच्या दातांचं काम ‘ताईंकडेच द्या’ म्हणून चिठ्ठी लावून पाठवत. त्यांनी विचारलं, “परवाच्या कॅप कुणी केल्या? फारच सुंदर. यापुढे त्यांनाच द्या.” कॅप त्या बाईने केल्या होत्या आणि मालकांच्या मुलीने हे सगळ्यांसमोर सांगितलं. मावशीनेही टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने कपाट उघडलं, सगळे कपडे खाली ओढले, पुन्हा घड्या घालून ठेवले, आणि जेवली नाही.

चार दिवसांनी ती मालकांच्या मुलीच्या टेबलाशी गेली.

“बोलू नये, पण सांगते. त्यांचा हात थरथरतो. प्लास्टर ओतताना मी पाहिलंय. एखादी कॅप बिघडली तर नाव आपलं जायचं.”

हे धादांत खोटं होतं. मावशीला वाटलं होतं, मुलगी हात बघेल, चार प्रश्न विचारेल, निदान “खरंच?” म्हणेल. तिने काहीच विचारलं नाही. मान हलवून म्हणाली, “हो ना, वय झालंच आता.” दुसऱ्या दिवसापासून ती बाई पुन्हा प्लास्टरवर. तिनेही का म्हणून विचारलं नाही.

“मला इतकं हलकं वाटलं,” मावशी सांगते, “की मी येताना फुलं घेऊन आले.”

पंधरा दिवस गेले. मग भिंतीवर कागद लागला. पन्नाशीच्या पुढे असलेल्या सर्वांचं बारीक काम यापुढे दुसऱ्याने तपासायचं. पन्नाशीच्या पुढे मेणाच्या टेबलावर एकटी मावशीच होती. तपासणारी पोरगी सव्वीस वर्षांची, सुरी कशी धरायची हे मावशीनेच तिला शिकवलेलं. तिने दाढ उजेडात धरली, फिरवली, मापाने मोजली आणि गोड आवाजात म्हणाली, “छान जमलीय हं, ताई.”

मावशीच्या अंगाची लाही लाही झाली. ती ताडकन उठून मालकांच्या मुलीकडे गेली.

“माझ्या हाताला काय झालंय?”

“काही नाही हो ताई. पण तुम्हीच म्हणालात ना, या वयात हात थरथरतो. मला आधी सुचलंच नव्हतं.”

मावशी समोरच्या खुर्चीत बसली.

“मी खोटं बोलले. तिचा हात थरथरत नाही. तिच्यासारखा स्थिर हात मी पाहिला नाही.”

“मग का सांगितलंत तसं?”

“जळत होते म्हणून. अजून जळते. पण तू तरी बघायचास ना एकदा तिचा हात! म्हातारी म्हटलं की झालं?”

मालकांची मुलगी लाल झाली. तिने त्याच दिवशी कागद काढला आणि त्या बाईला बोलावलं. मावशीने तिच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. मावशीला वाटलं, आता शिव्या मिळणार.

“मला कुणीतरी बोललं होतं हाताबद्दल,” ती बाई म्हणाली. “मला वाटलं, खरंच असेल. रोज सकाळी पाण्याचा भरलेला पेला धरून बघायचे मी. पाणी हलायचं नाही. तरी वाटायचं, आपल्यालाच दिसत नसेल. नातवाच्या शर्टाला बटण लावायलासुद्धा घाबरले मी, ताई.”

ती पडद्यापाशी गेली आणि कामाला लागली. मावशीशी ती पुढे सहा महिने कामाशिवाय बोलली नाही. मावशीने माफी मागितली तेव्हा म्हणाली, “ऐकली.” बास, तेवढंच.

त्या सहा महिन्यांत मावशी पडद्यासमोर बसायला शिकली. न येण्याची लाज वाटायची ती वाटायचीच. अडली की त्या बाईला सोडून बाकी सगळ्यांना विचारायची. पण एके दुपारी खोलीत त्या दोघीच होत्या आणि मावशीची दाढ खालच्या जबड्यात घुसून बसली होती. शेवटी तिने विचारलंच. ती बाई उठली, मावशीच्या हातावर स्वतःचा हात ठेवून माउस फिरवला, दाढ वर उचलून दाखवली आणि जागेवर जाऊन बसली.

आता मावशी सत्तावन्नची आहे, ती बाई पासष्टची. मावशीला एक कॅप करायला पन्नास मिनिटं लागतात. “आणि तिला?” असं मी एकदाच विचारलं. फोन कट झाला.

मागच्या महिन्यात थरावर थर चढवत कवळ्या छापणारं नवं यंत्र घ्यायचं ठरलं. ते शिकायला कोण जाणार, असं मालकांच्या मुलीने विचारलं, तेव्हा दोघी एकदमच ‘मी’ म्हणाल्या. दोघींनाही पाठवायचं ठरलं, पण पहिल्या तुकडीत एकच जागा होती आणि ती त्या बाईला मिळाली.

मावशीचा तीन दिवस फोन नाही. चौथ्या दिवशी मीच केला.

“आधी मी म्हणाले होते,” हॅलोही न म्हणता ती म्हणाली. “विचार कुणालाही. ती माझ्यानंतर म्हणाली.”