अहो!

नव्वदीच्या दशकात कळंबोलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांसाठी तायक्वांडोचा क्लास सुरू झाला होता. शिकवणाऱ्या मॅडमचं नाव मी कधी विचारलंच नाही. अंगात पांढरा ड्रेस, कमरेला काळा पट्टा. आल्या की आधी दाराची कडी बघायच्या, आणि दाराकडे पाठ करून कधीच उभ्या राहायच्या नाहीत.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ही कोरियाची विद्या, मुख्य काम लाथांचं. पण लाथ नंतर. आधी ओरडायचं. त्याला किहाप म्हणतात. गळ्यातून नको, पोटातून. समजा, मी तुमच्या अंगावर येतेय."

आणि त्या खरंच माझ्यावर धावून आल्या. त्यांचा पाय माझ्या कानापाशी येऊन थांबला. मी डोळे गच्च मिटले आणि किंचाळले, "अहो!"

सगळ्या बायका खो-खो हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पाय हळूच खाली घेतला, पट्ट्याची गाठ आवळली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "माझ्याही तोंडून तेव्हा हेच निघालं होतं. अंगावर आलेल्या माणसाला मी अहोजाहो केलं."

क्लास सुटला तेव्हा अंधारून आलं होतं. घरची वाट उभ्या ट्रकांच्या रांगेवरून जायची. मधेच मागे चपला वाजल्या. मी पोटात श्वास भरून घेतला. मागच्या माणसाची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती माझ्या तोंडून काय निघेल याची होती.