सरांनी दिलेली सुट्टी

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि लहान लेकरांना जबाबदारी कशी शिकवावी यावर मी लिहावं, म्हणजे जरा जास्तच झालं. माय तर हे शिकवायचं काम मिळालं तेव्हाच म्हणाली होती, "सोताचं ताट उचलत नाही, अन् दुसऱ्याच्या लेकराले शिकवाले चालला!" तिचं काही चुकलं नव्हतं.

कॉलेजच्या क्षेत्रकार्यासाठी मला राळेगावकडच्या एका गावातली अंगणवाडी मिळाली. आठवड्यातून दोनदा यवतमाळहून एसटीनं जायचो. तिथल्या सेविकाबाई पहिल्या दिवसापासून मला 'सर' म्हणू लागल्या. त्यात मान किती आणि थट्टा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वहीत लिहून नेल्याप्रमाणे मी प्रत्येक लेकराला एकेक काम वाटून दिलं. कुणी माठावर झाकण ठेवायचं, कुणी चटई गुंडाळायची. चार वर्षांच्या एका पोरीकडे दारातल्या चपला ओळीत लावायचं काम आलं. बाकीची लेकरं दोन दिवसांत आपापलं काम विसरली. ती विसरली नाही. नाक पुसायला तिला वेळ नसे, पण चपलांची ओळ मात्र सुतात असे.

एके दिवशी पर्यवेक्षिका मॅडम तपासणीला आल्या. घाईत त्यांनी सँडल काढल्या, एक इकडे, एक तिकडे. पोरगी दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली.

"पयले चप्पल सीधी ठेव. मंग अंदर जाय."

"तू कोण वं सांगणारी?" मॅडमनी हसून विचारलं.

"मले सरनं सांगतलं हाये."

मॅडमनी मुकाट्यानं वाकून सँडल जोडीनं ठेवल्या. सेविकाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मात्र घाबरलो, कारण माझ्या अहवालावर याच मॅडमची सही लागणार होती. त्या गेल्यावर पोरीला जवळ बोलावून मी, माझ्या मते अगदी गोड शब्दांत, सांगितलं, "तू खूप काम केलंस. उद्यापासून तुला सुट्टी."

म्हणजे चपलांच्या कामातून. पण तेवढं सांगायचं राहिलं.

पुढच्या खेपेला ती आली नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. "कापूस वेचणीचे दिवस हायेत, मायसंगं वावरात जात असन," सेविकाबाई म्हणाल्या. मी घरी जाऊन पाहिलं तर दाराला कुलूप. एक लेकरू माझ्या बोलण्यानं अंगणवाडीतून उठलं, हे काही मनातून जाईना. क्षेत्रकार्य संपलं. मॅडमनी सही केली, वर 'काम चांगले' असा शेराही दिला. तो वाचून मला आणखीच वाईट वाटलं.

परीक्षेच्या दिवसांत सेविकाबाईंचा फोन आला.

"सर, तुमी त्या पोट्टीले सुट्टी देल्ली होती काय जी?"

"चपलांच्या कामातून दिली होती, बाई."

"तिनं तं पुरीच घेतली! तिच्या मायले वाटे, बहाणा करून राह्यली. पोट्टी म्हणते, सरनं सांगतल्याबिगर मी जातच नाही. मी तिच्या घरूनच बोलून राह्यली. घ्या, बोला तिच्यासंगं."

मी घसा साफ करून म्हणालो, "बाळा, सुट्टी संपली बरं. उद्यापासून अंगणवाडीत जायचं." एवढ्यात पलीकडून फोन बंद झाला.

दोन दिवस काहीच कळलं नाही. स्वतःहून विचारायची हिंमत होईना. तिसऱ्या दिवशी पेपर देऊन बाहेर आलो तर सेविकाबाईंचा फोन.

"आली जी! कुलूप उघडाच्या आधी दारात बसून होती. पण तुमच्यावर लय नाराज हाये. म्हणते, सरले काही वळणच नाही. सुट्टी देते, अन् संपली कवा ते सांगत नाही."