पिल्लाचे केस बदलतात तेव्हा

कल्पना करा, तुमच्यापुढे टेबलावर एक लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि पूडल यांच्या संकराचा झुबकेदार कुत्रा, उभा आहे. एका हाताने त्याचे केस वर उचला, गुलाबी कातडीची बारीक रेघ दिसेपर्यंत. त्या रेघेपासून बाहेरच्या बाजूला ब्रश फिरवा. मग बोटभर खाली नवी रेघ. शेवटी लोखंडी कंगवा मुळापासून घाला. तो न अडखळता बाहेर आला, तरच काम झालं म्हणायचं. नुसता वरवर ब्रश फिरवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गल्लीत जिला सगळे कंगवेबाई म्हणत, तिची दुपार अशीच रेघारेघांनी सरायची. पुढच्या खोलीत कुत्र्यांचे केस विंचरायचं-कापायचं दुकान, मागे घर. तिरकं ऊन आत आलं की ड्रायरच्या वाऱ्याने उडालेले केस त्यात तरंगत राहत, जणू खाली यायची त्यांना घाईच नाही. टेबलावरचं कुत्रं पेंगायचं, कंगवेबाईचे डोळे जड व्हायचे, हात मात्र चालूच.

मधल्या दारापलीकडे तिची थोरली नणंद, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. जिभेने तिखट, नाकाने नाजूक. कुत्र्याचा एक केस दिसला तरी सटासट शिंका. कंगवेबाईचा नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. म्हणून नियम असा, की अ‍ॅप्रन काढून हात-तोंड धुतल्याशिवाय दार ओलांडायचं नाही.

तरीही एका गिऱ्हाइकाने कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू तिच्या ओंजळीत ठेवलं आणि तिचा जीव जडला. नावही पडलं बोळा.

“वन्सं, लॅब्राडूडलचे केस गळत नाहीत.”

“सगळ्यांचे?”

खोटं बोलणं तिला जमेना. “तीन तऱ्हा असतात. मेंढीसारखे कुरळे आणि रेशमी लाटांचे, ते फारसे गळत नाहीत. सरळ असले तर गळतात.”

“आणि या राजपुत्राचे?”

“हे जावळ आहे हो. आठ-दहा महिन्यांचा झाला की खरे केस येतील.”

“तेव्हा बघू. सरळ निघाले तर या घरात तो तरी राहील, नाहीतर मी!”

बोळा दुकानात वाढू लागला. कंगवेबाई रोज त्याचे पंजे हातात घ्यायची, कान उलटून बघायची, केस कापायचं मशीन नुसतंच चालू करून जवळ धरायची आणि बिस्किटाचा तुकडा द्यायची. पुढे एका दुपारी त्याच्या पाठीवर हात फिरवताना मऊ जावळाखाली काहीतरी ताठ लागलं आणि बोटं थबकली. ढगात हात घालावा आणि आत काडी लागावी, तसं.

त्या दिवसापासून तिने बोळ्याला मुळापासून विंचरणं सोडलं. मुळाशी गेलं तर उत्तर दिसलं असतं. आज नको, उद्या. लोकांची कुत्री रेघारेघांनी विंचरायची, आणि बोळ्याला वरून ब्रश. एकदा तर तशीच अंघोळ घातली. गुंता पाण्याने आणखी घट्ट होतो, हे ती गिऱ्हाइकांना उठता-बसता बजावत असे.

शेवटी कान खाजवता खाजवता बोळा केविलवाणा ओरडला. वन्सं नाकाला रुमाल लावून दारात आल्या. वाकून त्यांनी त्याच्या कानामागे बोट घातलं.

“अगं, हे कुत्रं आहे की पायपुसणं? गावाची कुत्री विंचरतेस आणि घरच्याला गाठी?”

“विंचरलं असतं तर कळलं असतं, वन्सं.”

“काय कळलं असतं?”

“केस सरळ आहेत की काय, ते.”

वन्संनी कानामागून बोट अलगद काढलं. मग म्हणाल्या, “माझ्या नाकाची शिक्षा याला कशाला? आता काय करायचं ते बोल.”

“भादरावं लागेल. ओढून सोडवलं तर कातडी दुखावेल. पण एकटीला धरवायचा नाही, हात लावला की उसळतो.”

वन्संनी रुमाल नाकावर बांधला आणि दार ओलांडून स्टुलावर बसल्या. बोळ्याचं डोकं छातीशी धरून त्या जुन्या नोकरीच्या आवाजात पुटपुटू लागल्या, “कृपया लाइनवर राहा... कृपया लाइनवर राहा...”

मशीन गुणगुणू लागलं. गुंतलेले केस जाड लोकरी नमद्याच्या घडीसारखे सलग उलगडत गेले. सुटे केस उन्हात चढले, हेलकावले, वन्संच्या डोक्यावर, पापण्यांवर उतरले. खोलीत शिंकेचा आवाज नाही. बोळ्याचे डोळे मिटले होते.

“कळलं का काही?”

“इतक्या आखूड केसांवरून नाही सांगता येत. वाढू द्यावे लागतील.”

“तोवर हा गारठेल की! माझ्या जुन्या स्वेटरची बाही काप.” वन्संनी पापणीवरचा केस चिमटीत धरून उजेडात पाहिला. “आणि निघाले सरळ, तर रोज विंचरायचं. मुळापासून. मी धरेन.”

नवे केस लाटांचे आले, पाठीवर मात्र सरळ. थोडे गळतात. वन्सं शिंकतात आणि उशीतल्या कापसाला बोल लावतात. बोळा त्यांच्या पायांशीच झोपतो.

कंगवेबाईला एकच विचारायचंय, पण वन्संसमोर जीभ रेटत नाही. त्या दुपारी त्यांना शिंक आलीच नव्हती, की मशीनखाली बोळा दचकू नये म्हणून त्यांनी ती दाबून धरली होती?